मराठी अक्षरं मोठी का होत नाहीत, हे कोणी लिहायचं?

लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या रायटरमध्ये एक मराठी परिच्छेद टंका. मग परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये जाऊन फॉन्टचा आकार १२ वरून १६ करा आणि ओके दाबा. मजकुरात कुठे इंग्रजी शब्द असतील तर ते मोठे होतात, मराठी मात्र जिथल्या तिथे. पुन्हा करून पाहिलं तरी तेच, संगणक बंद करून चालू केला तरी तेच. शाळेच्या कार्यालयात बसून हे करणारा लिपिक शेवटी सॉफ्टवेअरच बिघडलंय असं ठरवतो, नाहीतर एकेक ओळ निवडून वरच्या पट्टीतून आकार वाढवत बसतो.

बिघडलेलं काहीच नसतं. रायटर प्रत्येक स्टाइलमध्ये फॉन्टच्या तीन वेगळ्या नोंदी ठेवतो. रोमनसारख्या लिप्यांसाठी ‘वेस्टर्न’, चिनी, जपानी आणि कोरियनसाठी ‘एशियन’, आणि देवनागरी, अरबी, हिब्रू, थाई अशा मांडणीला अवघड लिप्यांसाठी ‘कॉम्प्लेक्स’. आपण बदलला तो वेस्टर्नचा आकार. भारत आशियात आहे म्हणून कोणी ‘एशियन’मध्ये जाऊन पाहील, तर तिथेही हाती काही लागत नाही. देवनागरीचा आकार ‘कॉम्प्लेक्स’मध्ये बदलावा लागतो, आणि तो विभागच दिसत नसेल तर आधी ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ पुढे खूण करावी लागते.

ही माहिती लपवलेली नाही. पण ती सापडते ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ हे नाव आधीपासून माहीत असलेल्याला. अडलेल्या माणसाच्या डोक्यात हे नाव नसतं. त्याच्या डोक्यात एवढंच असतं की मराठी अक्षरं मोठी होत नाहीत. त्या वाक्यापासून उत्तरापर्यंत वाट बांधून देणं, ही डॉक्युमेंटेशनची, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या लेखनाची, खरी कामगिरी. आणि ती बांधायला कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. तिथे अडून बाहेर पडलेला आणि कुठे अडलो होतो ते अजून न विसरलेला माणूस लागतो.

प्रोग्रामरला हे जमत नाही असं नाही, पण त्याला ते दिसत नाही. ज्याने तीन नोंदींची रचना स्वतः बांधली, त्याला ती इतकी अंगवळणी पडलेली असते की कोणी चुकीच्या नोंदीत शिरेल ही शक्यताच त्याच्या मनात येत नाही. असे प्रकल्प जिथे आपला कोड ठेवतात त्या गिटहबने २०१७ साली ओपन सोर्समध्ये, म्हणजे खुल्या कोडच्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्यांची मोठी पाहणी केली. अपुरी किंवा जुनी झालेली माहिती ही अडचण ९३ टक्क्यांनी पाहिली होती. त्याच पाहणीत ६० टक्के योगदानकर्त्यांनी सांगितलं, की आपण डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतो किंवा कधीच लावत नाही. तक्रार सगळ्यांची आहे आणि काम कोणाचंच नाही. बाहेरच्या माणसाला आत शिरायला एवढी मोठी फट दुसरीकडे सहसा सापडत नाही.

ही फट पवईत फार आधी ओळखली गेली होती. आयआयटी मुंबईतले केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिबरऑफिससकट अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, आणि ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब केले जातात. धड्याचं आधी लेखी स्क्रिप्ट तयार होतं. कागदाचे दोन रकाने, एकात पडद्यावर काय दिसणार आणि दुसऱ्यात त्या वेळी काय बोललं जाणार. रेकॉर्डिंगच्या आधी हे स्क्रिप्ट तज्ज्ञाकडे जातं हे ओघानेच आलं. पण ते एका नवख्याकडेही जातं. त्या सॉफ्टवेअरची ओळख नसलेल्या माणसाने स्क्रिप्ट वाचत प्रत्येक पायरी करून पाहायची आणि जिथे अडेल तिथे सांगायचं. तिथे अज्ञान ही तपासणीची एक अधिकृत पायरी आहे.

आता हे काम प्रत्यक्ष कसं चालतं ते पाहू. उदाहरण लिबरऑफिसचंच घेतो, कारण प्रोग्रामर नसलेल्याला शिरायला इतक्या वाटा असलेले प्रकल्प थोडे.

थोडी पार्श्वभूमी. जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीचं स्टारऑफिस १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याचा कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस झालं. २०१० मध्ये सन ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्वयंसेवकांच्या मोठ्या गटाने वेगळं होऊन ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था आणि लिबरऑफिस जाहीर केलं. कोडसोबत पुस्तिका लिहिणारी माणसंही इकडे आली. त्यांतल्या जीन हॉलिस वेबर या ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक तंत्रलेखिका. ओपनऑफिसच्या काळापासून या पुस्तिकांचा डोलारा ज्यांनी उभा केला, त्यांत त्यांचं नाव अगदी वरचं आहे.

लिबरऑफिसची माहिती साधारण तीन ठिकाणी राहते. एफ१ दाबल्यावर उघडते ती अंगभूत मदत. ही लहान पानांची, एकेका खिडकीची किंवा आज्ञेची माहिती. दुसऱ्या म्हणजे पुस्तिका: नवशिक्यांसाठीची ‘गेटिंग स्टार्टेड गाइड’ आणि रायटर, कॅल्क, इम्प्रेस, ड्रॉ, बेस, मॅथ यांच्या स्वतंत्र जाडजूड पुस्तिका. तिसरं ठिकाण म्हणजे विकी, प्रश्नोत्तरांची जागा आणि बाकीचं सगळं. या कामात शिरायची दारं वेगवेगळ्या उंचीची आहेत.

सर्वांत बुटकं दार म्हणजे चूक कळवणं. पुष्कळांना हे योगदान वाटतच नाही. पण चांगली नोंदवलेली चूक म्हणजे निम्मी दुरुस्ती असते. प्रकल्पाच्या बगझिला या तक्रारवहीत डॉक्युमेंटेशनसाठी स्वतंत्र कप्पा आहे. तिथे ‘मदत समजत नाही, सुधारा’ असं लिहिलेली नोंद कोणी उघडत नाही, उघडली तरी त्याला करता येण्यासारखं काही नसतं. उपयोगी नोंद साधारण अशी असते: माझ्याकडे आवृत्ती अमुक, विंडोज ११. मदतीच्या या पानावर दुसऱ्या पायरीत ‘लँग्वेज सेटिंग्ज’मध्ये जायला सांगितलं आहे. माझ्या पडद्यावर ते शीर्षक नाही, त्या जागी ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’ आहे. वाक्य असं असावं, असं सुचवतो. सोबत पडद्याचं चित्र. आवृत्ती ‘हेल्प’ मेनूत ‘अबाउट’ उघडलं की दिसते. पानाचा पत्ता, तिथे आज काय लिहिलंय, प्रत्यक्षात काय दिसतं आणि त्याऐवजी काय हवं, एवढं असलं की दुरुस्त करणाऱ्याला डोकं खाजवावं लागत नाही. नोंद करण्याआधी तिथेच शोध घेऊन तीच तक्रार कोणी केली आहे का ते पाहायचं, आणि केली असेल तर तिच्याखाली आपली भर घालायची.

हे शीर्षकाचं उदाहरण कल्पनेतलं नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत ऑप्शन्समधलं ते नाव खरंच बदललं आहे. लिबरऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. २०२४ पासून आवृत्तीचा क्रमांकही त्यावरूनच ठरतो, २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी. प्रत्येक वेळी काही मेनू सरकतात, काही नावं बदलतात, आणि लिहिलेली पानं नकळत खोटी होतात. म्हणून इथे तपासणाऱ्याचं काम कधीच संपत नाही.

मधलं दार पुस्तिकांचं, आणि माझ्या मते सामान्य वाचकाला सर्वांत जास्त मानवणारं. कारण साधं आहे: या पुस्तिका रायटरमध्येच लिहिल्या जातात. प्रकरणाची फाइल म्हणजे नेहमीचा ओडीटी दस्तऐवज. ज्याला पत्र टंकता येतं त्याला ती उघडता येते. कामाची रीत अशी. प्रकल्पाच्या विकीवर डॉक्युमेंटेशन गटाची पानं असतात, त्यांवर कोणत्या पुस्तिकेचं काम चालू आहे ते समजतं. गटाच्या पत्रयादीवर दोन-चार ओळींत ओळख द्यायची, म्हणजे मी कोण, काय वापरतो, किती वेळ देऊ शकतो. मग एखादं प्रकरण मागून घ्यायचं. मागून घेणं महत्त्वाचं. तसं न करता दोघांनी एकाच प्रकरणावर पंधरा दिवस घालवले की दोघंही दुखावले जातात. फायली नेक्स्टक्लाउडवरच्या सामाईक कपाटात असतात. तिथून प्रकरण उतरवून घ्यायचं आणि पहिलं काम करायचं ते बदलांची नोंद चालू करण्याचं, म्हणजे तुम्ही काय खोडलं नि काय घातलं ते पुढच्याला रंगात दिसतं. शंका असेल तिथे मजकूर न बदलता समासात टिप्पणी टाकायची.

प्रकरण पुढे तपासणाऱ्याकडे जातं. तो मजकूर, पायऱ्या, चित्रं पाहतो, परत पाठवतो किंवा पुढे सरकवतो. शेवटी सगळी प्रकरणं जुळवून पुस्तिका ओडीटी आणि पीडीएफ या दोन्ही रूपांत प्रसिद्ध होते. सुरुवातीच्या कॉपीराइटच्या पानावर या आवृत्तीला हातभार लावणाऱ्यांची नावं असतात आणि त्यांच्याखाली आधीच्या आवृत्त्यांना लावणाऱ्यांचीही. नुसती तपासणी करणाऱ्याचंही नाव तिथे येतं.

प्रकरण हाती आल्यावर नवा माणूस बहुधा भाषा सुधारायला बसतो. त्याने तसं करू नये असं मी म्हणेन, निदान आधी तरी नाही. आधी प्रत्येक पायरी जशी लिहिली आहे तशीच करायची. मनाने काही भरायचं नाही. ‘फॉरमॅट मेनूत जा’ असं लिहिलं असेल तर फॉरमॅटमध्येच जायचं, आपल्याला जवळची वाट ठाऊक असली तरी. जिथे पान म्हणतं ते पडद्यावर दिसत नाही, तिथे थांबून टिपून ठेवायचं. हे काम कंटाळवाणं आहे, आणि जवळजवळ सगळ्या चुका त्यातच सापडतात.

यात एक खोच आहे. तुमच्या संगणकावर वर्षानुवर्षं बदललेल्या सेटिंग असतात. नव्या माणसाकडे त्या नसतात. तुमच्याकडे पायरी नीट चालते, त्याच्याकडे चालत नाही. फॉन्टच्या उदाहरणात हेच होतं. तुम्ही कधीकाळी कॉम्प्लेक्ससमोर खूण करून ठेवलेली असते नि विसरलेले असता. लिबरऑफिसमध्ये यावर सोय आहे. ‘हेल्प’ मेनूतून ‘सेफ मोड’मध्ये पुन्हा सुरू केलं की ते तात्पुरत्या, कोऱ्या सेटिंगवर उघडतं. नवख्याला पहिल्या दिवशी जे दिसतं ते तुम्हाला दिसतं. पडद्याची चित्रं काढायचीही तिथेच, म्हणजे तुमच्या पट्ट्यांची उलटापालट पुस्तिकेत जात नाही.

मग लिहिण्याचं काम. इथे मराठी शाळेत शिकलेलं निबंधलेखन बाजूला ठेवावं लागतं. एका पायरीत एकच कृती. वाक्यात आधी ठिकाण, मग कृती: ‘फॉन्टच्या पानावर कॉम्प्लेक्स विभागात आकार १६ करा’, उलट लिहिलं तर वाचणारा आकार बदलून मोकळा होतो आणि मग कळतं की विभाग वेगळा होता. अट असेल तर ती वाक्याच्या सुरुवातीला. पायरीच्या शेवटी काय दिसलं पाहिजे तेही सांगायचं, कारण चुकलेल्याला आपण चुकलोय हे तिथेच कळायला हवं, सहा पायऱ्या पुढे गेल्यावर नाही. ‘फक्त’, ‘नुसतं’, ‘सोपं आहे’ हे शब्द गाळायचे. ज्याला जमत नाही त्याच्या जखमेवर ते मीठ चोळतात. आणि पुस्तिकांच्या साच्यात शीर्षक, पायरी, टीप यांसाठी ठरलेल्या स्टाइल असतात, त्याच वापरायच्या. हाताने ठळक करून बनवलेलं शीर्षक अनुक्रमणिकेत येत नाही.

लिहून झालं की शेजारच्या माणसाला बसवायचं, पान समोर ठेवायचं आणि गप्प राहायचं. त्याचा हात चुकीच्या मेनूकडे गेला की तोंडातून शब्द फुटू द्यायचा नाही. हे फार कठीण जातं, विशेषतः शिक्षकांना.

कोणत्या पानावर काय असावं यावरही विचार झालेला आहे. दानिएले प्रोचिदा यांनी मांडलेली ‘डायाटॅक्सिस’ नावाची रचना आता अनेक प्रकल्प वापरतात. तिच्यात चार प्रकार आहेत: हात धरून शिकवणारा धडा, ठरलेलं काम कसं करायचं ते सांगणारी कृती, एकेका भागाची काटेकोर नोंद, आणि असं का आहे याचं विवेचन. पाककृतीच्या पुस्तकात फोडणी तडतडत असताना मोहरीच्या जातींचा इतिहास आला तर जो घोटाळा होईल, तो हे प्रकार एका पानात मिसळल्यावर होतो. अडलेल्या लिपिकाला आकार वाढवायचा आहे, त्याला कृती द्यायची. तीन नोंदी का आहेत हे दुसऱ्या पानावर, ज्याला हवं तो वाचेल. फार पोथीनिष्ठ होण्याचं कारण नाही, पण एखादं पान वाचताना जीव का गुदमरतो हे कळायला ही विभागणी मदत करते.

तिसरं दार जरा उंच आहे. एफ१ वर उघडणाऱ्या मदतीची पानं एक्सएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत असतात, आणि बदल गिट नि गेरिट या बदलांची नोंद आणि तपासणी करणाऱ्या व्यवस्थांतून जातो. सुरुवातीला तिकडे जाऊ नये; बगझिलात नेमकं वाक्य सुचवावं, ते आत बसवणारे दुसरे असतात. पण गिट या शब्दाला घाबरून लोक सगळ्याच प्रकल्पांपासून दूर राहतात, ते मात्र चूक. कारण बऱ्याच ठिकाणी ते न शिकताही भागतं.

वेबची पानं बनवणारे ज्यावर विसंबतात ती ‘एमडीएन’ ही संदर्भसामग्री घ्या. डिसेंबर २०२० मध्ये तिचा मजकूर गिटहबवर हलवला गेला. प्रत्येक पानाच्या तळाशी ते पान गिटहबवर पाहण्याचा दुवा असतो. तिथे खातं उघडून पेन्सिलीच्या चिन्हावर टिचकी मारली की गिटहब त्या साऱ्या सामग्रीची तुमच्या नावाची एक प्रत बनवतं. म्हणजे तुम्ही मूळ पान बिघडवू शकत नाही. जे काही कराल ते तुमच्या प्रतीत. मजकूर मार्कडाउनमध्ये असतो: ओळीच्या आधी चौकटीचं (#) चिन्ह घातलं की शीर्षक, दोन बाजूंनी दोन-दोन तारे घातले की ठळक. एवढ्यावर दुरुस्ती होते. दुसऱ्या कप्प्यात ते पान कसं दिसेल ते बघता येतं. मग ‘कमिट’, म्हणजे काय बदललं त्याची एका ओळीची नोंद. ‘दुरुस्ती’ असं मोघम न लिहिता ‘तिसऱ्या पायरीतलं मेनूचं नाव नव्या आवृत्तीप्रमाणे बदललं’ असं लिहायचं. शेवटी ‘पुल रिक्वेस्ट’. नाव भीतिदायक आहे, पण तो अर्ज असतो: माझ्या प्रतीतला हा बदल मूळ पानात घ्यावा. खाली यंत्राच्या काही तपासण्या चालू होतात आणि लाल फुली दिसली की नवा माणूस हबकतो. बऱ्याचदा ती एखाद्या तुटलेल्या दुव्याची किंवा जास्तीच्या मोकळ्या जागेची असते.

त्यानंतर वाट पाहायची. कधी तासाभरात उत्तर येतं, कधी महिना जातो. पलीकडचा माणूसही बहुधा नोकरी सांभाळून हे करत असतो. ‘हे वाक्य असं करा’ अशी सूचना आली तर तोच अर्ज पुन्हा दुरुस्त करता येतो, नवा भरावा लागत नाही. सूचना कोरड्या शब्दांत येतात. त्यात ‘आपण फार छान प्रयत्न केलात’ अशी आपल्याकडची प्रस्तावना नसते. ते मनाला लावून घेऊ नये. बदल नाकारला गेला तर कारण विचारायला हरकत नसते, वाद घालायला असते.

आपला बदल खरोखर कोणाला हवा आहे का, हा प्रश्न मात्र आधी स्वतःला विचारावा. २०२० च्या ऑक्टोबरात हा धडा सगळ्यांना मिळाला. डिजिटलओशन ही कंपनी दरवर्षी ‘हॅक्टोबरफेस्ट’ भरवते, आणि तेव्हा ठरावीक पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट मिळत असे. त्या वर्षी हजारोंनी प्रकल्पांच्या माहितीपानांत उगीच एखादं विशेषण घुसडलं, जागा बदलल्या, आणि अर्ज टाकले. प्रकल्प सांभाळणाऱ्यांचे दिवसच्या दिवस ते नाकारण्यात गेले. शेवटी महिना चालू असतानाच नियम बदलून, जे प्रकल्प स्वतः होकार देतील तेच धरायचे असं ठरवावं लागलं. डॉक्युमेंटेशनची छोटी दुरुस्ती ही खरोखर उत्तम सुरुवात आहे. तिची किंमत या टीशर्टांनी काही काळ घालवली. आता त्या जागी यंत्राकडून लिहून घेतलेले परिच्छेद येऊ लागले आहेत. जेन्टू या लिनक्स प्रकल्पाने तर २०२४ मध्ये असा मजकूर स्वीकारायचाच नाही असा ठराव केला. बाकीच्यांचे नियम वेगवेगळे आहेत, ते आधी वाचावेत. तसाही त्या मजकुराचा इथे उपयोग कमी, कारण मेनू पडद्यावर खरोखर कुठे आहे ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

आता इंग्रजीचा प्रश्न. मूळ पुस्तिका इंग्रजीत असतात, आणि ‘आपलं इंग्रजी तितकं चांगलं नाही’ म्हणून अनेक जण थांबतात. तांत्रिक लेखनाला लागणारं इंग्रजी फार मर्यादित असतं: आज्ञार्थी, लहान वाक्यं, मोजके शब्द. जर्मनी, ब्राझील, जपानमधली माणसं तेच लिहितात, आणि भाषा साफ करायला आवडणारे इंग्रज-अमेरिकनही गटात असतात. त्यांना देवनागरीचा आकार का वाढत नाही हे ठाऊक असण्याचं कारण नाही, तुम्हाला आहे. लिप्यांच्या, जोडाक्षरांच्या, मराठी अंकांच्या अडचणींवर लिहिणारा माणूस मराठी बोलणाऱ्यांतूनच यायचा.

मराठीतच काम करायचं असेल तर त्यालाही जागा आहेत. लिबरऑफिसच्या मेनूंचं आणि मदतीचं भाषांतर वेबलेट या व्यवस्थेवर चालतं. एकेक वाक्य समोर येतं आणि त्याचं मराठी टंकायचं. टक्क्याच्या किंवा डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे तुकडे आणि कोनी कंसांतल्या खुणा मात्र जशाच्या तशा ठेवायच्या, कारण सॉफ्टवेअर तिथे स्वतः काहीतरी भरणार असतं. संकेतस्थळं बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्येही कोणीही भाषांतर सुचवू शकतं, पण मराठी गटाच्या संपादकाने मान्य केल्याशिवाय ते लागू होत नाही. नियमित नि नेटकं काम करणाऱ्याकडे पुढे ती संपादकीही येते. भाषांतराला बसण्याआधी आधीचे मराठी शब्द पाहून घ्यावेत. एकाच मेनूला तीन प्रकरणांत तीन नावं पडली, तर वाचणारा शोधत राहतो. स्पोकन ट्युटोरियलमध्ये पडद्यावरच्या बटणांची इंग्रजी नावं निवेदनात तशीच ठेवतात, ते याच हिशेबाने: कानावर पडलेलं डोळ्यांना सापडलं पाहिजे.

लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठीही काम असतं. तुटलेले दुवे शोधणं. जुन्या आवृत्तीची चित्रं बदलणं. चित्रांना वर्णनाचा मजकूर देणं, म्हणजे दृष्टिहीन वाचकाचा वाचक-कार्यक्रम तिथे नुसतं ‘चित्र’ म्हणून पुढे जात नाही. हे काम पुष्कळ प्रकल्पांत तुंबलेलं असतं. सूची करणं हे तर विसरलेलं शास्त्र आहे. ग्रंथालयात काम केलेल्यांना ते येतं, आणि सुरुवातीचं ‘मराठी अक्षरं मोठी होत नाहीत’ हे वाक्य अखेर सूचीतूनच योग्य पानाला जोडलं जातं. प्रश्नोत्तरांच्या जागेवर एकच प्रश्न चौथ्यांदा आलेला दिसला, की ते पान कुठे कमी पडतंय याचा पुरावाच मिळाला. प्रश्नांचे दुवे गोळा करून नोंद करायची. अशा नोंदी मी अनेक पाहिल्या आहेत, आणि त्या लिहिणारे बहुतेक वेळा त्या सॉफ्टवेअरवर रोज पोट भरणारे असतात: हिशेबनीस, डीटीपी करणारे, प्रबंध टंकून देणारे.

सुरुवातीला एक कागदोपत्री गोष्ट होते. काही प्रकल्प तुमच्याकडून संमती घेतात, की माझं लेखन या परवान्याखाली द्यायला माझी हरकत नाही. लिबरऑफिसच्या पुस्तिका जीपीएलची तिसरी किंवा पुढची आवृत्ती, किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशनची चौथी किंवा पुढची आवृत्ती, यांपैकी हव्या त्या परवान्याखाली असतात. म्हणून दुसऱ्याच्या पुस्तकातलं किंवा एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावरचं वाक्य उचलून त्यात घालता येत नाही, ते कितीही नेमकं असलं तरी. आणि याचीच दुसरी बाजू अशी, की तुम्ही लिहिलेलं प्रकरण कोणताही संगणक-वर्ग छापू शकतो, त्यात आपल्या गावची उदाहरणं घालू शकतो, मराठीत आणू शकतो, बांधून विकूही शकतो. त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही, मूळ लेखकांचं श्रेय आणि परवाना नमूद करावा लागतो, आणि मजकूर बदलला असेल तर तेही सांगावं लागतं.